रेघ आणि कटर: छोट्या सीएनसीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं कोल्हापूर आणि आसपासची आहेत. बहुतेकांची अडचणही एकाच जागी आहे. पडद्यावरचं चित्र बरोबर दिसतं, सीएनसीवरून, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापणाऱ्या मशीनवरून, उतरलेला तुकडा मात्र चुकतो. म्हणून मधल्या टप्प्यावरचे, म्हणजे चित्राचा जी-कोड (मशीनला समजणाऱ्या आज्ञांची यादी) होताना पडणारे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

१०० मिमीचा चौकोन एमडीएफमधून ९६.८ मिमीचा निघाला. मशीन ३०१८ (टेबलावरचं छोटं सीएनसी) आहे, कंट्रोलर ग्रबलचा. $१०० आणि $१०१ या सेटिंग (एक्स आणि वाय दिशेत एका मिमीला किती स्टेप) ८०० वरून ८२६ केल्यावर चौकोन बरोबर आला, पण आता १० मिमीची भोकं साडेतेराची पडतात. — राजारामपुरी, कोल्हापूर

आधी ते ८२६ पुसून पुन्हा ८०० करा. हा आकडा अंदाजाने ठरलेला नाही. मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे १६ भाग करतो, म्हणजे ३२०० झाल्या. तुमच्या मशीनचा स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकतो. ३२०० भागिले ४, आले ८००. स्क्रू बदलल्याशिवाय हा आकडा बदलायचं कारण नाही.

चूक टूलपाथमध्ये, म्हणजे कटर फिरण्याच्या वाटेत आहे. कटरचा मध्य तुमच्या रेघेवरून फिरला. एक सुती बिट (कटर), म्हणजे ३.१७५ मिमी, रेघेच्या आतल्या बाजूचं १.५९ मिमी लाकूड खातो आणि तेवढंच बाहेरचं. चौकोनाच्या दोन्ही कडांचं मिळून ३.१७५ गेलं, म्हणून ९६.८. भोकाच्या बाबतीत हेच उलटं होतं, १० चं १३.२ होतं. तुम्ही स्टेप वाढवून सगळं चित्रच सव्वातीन टक्के ताणलंत. त्याने चौकोन जुळला आणि भोक आणखी बिघडलं.

पुन्हा असं झालं तर ५० आणि १०० मिमीचे दोन चौकोन कापून मोजा. दोन्हींत सारखाच फरक आला (४६.८ आणि ९६.८) तर ऑफसेट, म्हणजे रेघेपासून कटरचं अंतर, चुकला. मोठ्या चौकोनात दुप्पट फरक आला तर मापाचं प्रमाण किंवा स्टेप चुकल्या. चित्रावरून टूलपाथ काढणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकाराला 'रेघेबाहेरून', 'रेघेआतून' किंवा 'रेघेवरून' यांतलं एक निवडावं लागतं. बाहेरच्या कडेला पहिलं, भोकांना दुसरं. तिसरं फक्त कोरीव रेघांना.

एवढं करूनही दहावा भाग मिलिमीटर राहिला तर बिट खरोखर किती रुंद कापतो ते पाहा. स्वस्त कॉलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) बिट थोडा हेलकावतो, मग ३.१७५ चा बिट ३.२५ ची खाच पाडतो. एक सरळ खाच पाडून व्हर्नियरने मोजा आणि तेच माप टूलचा व्यास म्हणून लिहा. एक्स आणि वाय दिशेत माप वेगवेगळं येत असेल तर मात्र स्क्रूच्या नटातला प्ले (सैलपणा) बघायला हवा. तो सॉफ्टवेअरने जाणार नाही.

घराच्या नावाची पाटी सागवानात कोरायची आहे. कोरलड्रॉमध्ये अक्षरं कर्व्ह (रेघांचे आकार) करून डीएक्सएफ (चित्राची फाइल) दिली. प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेघेत आडव्याउभ्या खाचा पडल्या. पडद्यावर तर रेघ सलग दिसते. — शिवाजी उद्यमनगर

देवनागरीचा हा खास त्रास आहे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शकात तो सापडत नाही, कारण तिथली अक्षरं सुटी असतात. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर शिरोरेघेचा आपला तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणजे छापताना फट राहत नाही. आत काळा रंग भरलेला असल्याने डोळ्याला एकच रेघ दिसते. कटरला रंग कळत नाही. त्याला प्रत्येक तुकड्याची कड दिसते आणि तो प्रत्येक कडेवरून फिरतो. काना, मात्रा, वेलांटी जिथे अक्षराला टेकतात तिथेही तेच होतं. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मात्रा वेगळं चिन्ह म्हणून येते, तिथे या कडा आणखी वाढतात.

उपाय वेल्डचा, म्हणजे तुकडे जोडून एकच आकार करायचा. कोरलमध्ये सगळी अक्षरं निवडून कर्व्ह करा आणि वेल्ड करा. इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग युनियन. वेल्डच्या आधी 'ब्रेक अपार्ट' मात्र दाबू नका. त्याने 'ब' आणि 'व' यांच्या पोटातली पोकळी वेगळा भरीव आकार होऊन बसते आणि वेल्ड केल्यावर पोट बुजून जातं. काम झाल्यावर रंगाशिवायचा वायरफ्रेम किंवा आउटलाइन देखावा लावून बघा. शब्दाभोवती एकच अखंड रेघ आणि आत फक्त पोटांच्या रेघा दिसल्या पाहिजेत. आणि हो, शुद्धलेखन कर्व्ह करण्याआधी तपासा. नंतर ऱ्हस्वाचं दीर्घ करायला सगळं पुन्हा पहिल्यापासून.

व्ही बिटने (निमुळत्या टोकाच्या बिटने) कोरणार असाल तर खोली रेघेच्या रुंदीवर ठरते. ९० अंशाच्या बिटला रुंदीच्या निम्मी, ६० अंशाच्या बिटला रुंदीच्या ०.८७ पट. ४ मिमी रुंद काना ६० अंशाने कोरला तर साडेतीन मिमी खोल जाईल. पण ८ मिमीची शिरोरेघ जवळपास ७ मिमी खोल मागते. तेवढी जाडी फळीत नसते आणि ६ मिमी व्यासाचा बिट तेवढा रुंदही नसतो. अशा वेळी कॅममध्ये कमाल खोली ३ मिमी बांधून द्या आणि मधला सपाट भाग एक सुती चपट्या बिटने आधी काढून घ्या. फळी एका बाजूला ०.२ मिमी जरी वर असली तरी त्या बाजूची अक्षरं ६० अंशाच्या बिटने सुमारे पाव मिमी जाड दिसतात. त्यामुळे कोरण्याआधी फळीचा माथा मशीनवरच रंधून घ्यावा. पावसाळ्यात तर नक्कीच, बेडवरचा एमडीएफसुद्धा दमट हवेत फुगतो.

काहींना अक्षरं कोरायची नसून कापून भिंतीवर लावायची असतात. इथे शिरोरेघ आपल्या कामाची. ती सगळा शब्द एका तुकड्यात धरून ठेवते. पण 'भ' आणि 'ध' यांच्या डाव्या गाठीवर शिरोरेघ नसते, 'थ' चंही तसंच. त्यामुळे 'माधव' कापलं की 'मा' वेगळा आणि 'धव' वेगळा. 'वैभव'चेही दोन तुकडे. अनुस्वार आणि विसर्गाचे ठिपके तर सुटेच पडतात. एक तर गाठीखालून दोन-तीन मिमीचा पूल जोडा, किंवा मागे पातळ पट्टी लावा. अनुस्वार शिरोरेघेला टेकवून काढला तरी वाचताना खटकत नाही. आणि अक्षरांमधली जी फट बिटपेक्षा अरुंद असेल ती कॅम न सांगता सोडून देतं. 'ण' च्या पायांमध्ये ३ मिमी जागा असेल तर एक सुती बिट तिथे शिरणारच नाही. तिथे २ मिमीचा घ्या, पासची (एका फेरीतल्या कापाची) खोली १ मिमीच्या आत ठेवा.

शिरोलीत व्हीएमसीवर (कारखान्यातल्या मोठ्या सीएनसीवर) काम करतो. घरच्या छोट्या मशीनवर तोच प्रोग्राम चालवला तर एरर २० येते. त्या ओळी काढल्या तर चालतो, पण एकदा टूल वर जायच्या ऐवजी थेट जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) घुसलं. — एक ऑपरेटर, शिरोली एमआयडीसी

तुमच्या व्हीएमसीचा प्रोग्राम फॅनक कंट्रोलच्या बोलीत आहे. ग्रबल त्याच भाषेतली थोडीच वाक्यं जाणतं. एरर २० म्हणजे 'ही आज्ञा मला येत नाही'. ज्या ओळींवर अडेल त्या अशा: ओ ने सुरू होणारा प्रोग्राम क्रमांक, टूल बदलाचा एम६, टूल लांबीचा जी४३ एच१, कटर कॉम्पेन्सेशनचे (बिटच्या व्यासाची भरपाई करणारे) जी४१-जी४२, आणि जी८१, जी८३ सारखी ड्रिलिंग सायकल. जी५४ आणि जी९० चालतात.

या निदान थांबवून तरी सांगतात. धोका आहे तो ज्या ओळी ग्रबल मुकाट्याने मान्य करतं त्यांचा. तुमचं टूल घुसलं ते बहुधा 'जी९१ जी२८ झेड०' मुळे. व्हीएमसीवर त्याचा अर्थ झेड वर ने, कारण मशीनचा झिरो वरच असतो. लिमिट स्विच नसलेल्या ३०१८ वर होमिंग (मशीनने स्वतःचा शून्य शोधणं) होत नाही. तिथे मशीन चालू केलं तेव्हा झेड जिथे उभा होता तोच मशीनचा शून्य. बिट जॉबला टेकलेला असताना पॉवर दिली असेल, तर जी२८ त्याला आज्ञाधारकपणे तिथेच परत नेतं.

दुसरी फसगत थांब्याची. फॅनकवर 'जी४ पी१०००' म्हणजे एक सेकंद. ग्रबल पी सेकंदात मोजतं, म्हणजे १००० सेकंद, सोळा मिनिटं चाळीस सेकंद. मशीन लटकलं समजून लोक वायर काढतात. तिसरी दशांश चिन्हाची. बऱ्याच फॅनक कंट्रोलवर 'एक्स१०' म्हणजे १० मायक्रॉन आणि 'एक्स१०.' म्हणजे १० मिमी. ग्रबलला दोन्ही १० मिमीच.

ओळी हाताने खोडत बसू नका. कॅममध्ये पोस्ट प्रोसेसर (मशीनच्या बोलीत जी-कोड लिहिणारा भाग) ग्रबलचा निवडा. मग ड्रिलिंग सायकलच्या जागी साध्या वरखाली ओळी लिहून येतात. सुरुवात एवढीच असावी: जी२१ जी९० जी१७ जी९४, मग जी० झेड५, मग एम३ एस१००००, मग जी४ पी३. शेवटी जी० झेड५, एम५, एम३०. प्रत्येक टूलची वेगळी फाइल करा. बिट बदलला की फक्त झेडचा झिरो नव्याने घ्या, एक्स-वायला हात लावू नका. कटर कॉम्पेन्सेशन नाही, म्हणून बिट घासून ३.१ चा झाला तर फाइल नव्याने काढावी लागते. व्हीएमसीसारखं ऑफसेटच्या पानावर आकडा बदलून भागत नाही.

वर्तुळावर एरर ३३ आली तर कमानीचा शेवट आणि केंद्र यांचं गणित जुळत नाही. बहुतेकदा पोस्टमध्ये दशांशाची घरं कमी असतात. चार करा. आणि नवी फाइल पहिल्यांदा हवेत चालवा, झेडचा झिरो जॉबच्या १० मिमी वर घेऊन. हे तुम्हाला सांगायला नको, पण घरी आलं की लोक विसरतात.

कोल्हापुरी चप्पल करतो. कागदी पॅटर्नचा मोबाइलवर फोटो काढून ट्रेस केला, ३ मिमी ॲक्रिलिकचा साचा कापायचा होता. कटर प्रत्येक कडेवरून दोनदा फिरला आणि कड दातेरी आली. मापही दोन-तीन मिमी चुकलं. — सुभाषनगर, कोल्हापूर

कटर दोनदा फिरला कारण ट्रेस करणारं सॉफ्टवेअर पेन्सिलची रेघ हा एक बारीक लांबट आकार समजतं. त्याची बाहेरची कड एक, आतली कड दुसरी. रेघ काढलेला कागद देऊच नका. काळ्या जाड कागदातून पॅटर्न कापून घ्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवून स्कॅन करा. काळा भरीव आकार असला की कड एकच निघते.

फोटोऐवजी स्कॅनर. मोबाइल जवळून धरला की मधला भाग मोठा आणि टोकं लहान येतात, तुमचे दोन-तीन मिमी तिथेच गेले. ए४ कागद २९७ मिमी लांब असतो, बहुतेक तळ त्यात बसतात. ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. पट्टीचे २०० मिमी पडद्यावर २०० भरतात का ते दोन्ही दिशांनी बघा.

दात येतात ते जादा नोडमुळे, म्हणजे रेघेवरच्या बिंदूंमुळे. ट्रेसमधून तळाच्या कडेला शेकडो नोड निघतात, प्रत्येक नोडवर कटर किंचित दिशा बदलतो. सिम्प्लिफाय करून पंधराच्या आसपास आणा. टाचेचा गोल, कमरेचा आत गेलेला भाग, अंगठ्याचं टोक, एवढ्यांना नोड पुरे. रापी टेकवून फिरवायची कड आहे, ती गुळगुळीतच हवी.

साइज वाढवताना सगळं चित्र टक्क्यांत ताणू नका. इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे लांबीत एक तृतीयांश इंच, ८.४७ मिमी. २८० मिमीचा तळ तेवढा वाढवायचा तर ३ टक्के ताण बसतो आणि त्या हिशेबाने रुंदीही ३ टक्के वाढते, जी सहसा एवढी लागत नाही. कानाच्या फटी आणि अंगठ्याचं भोक तर वाढायलाच नकोत, पट्ट्याची रुंदी तीच असते. ते वेगळ्या लेयरवर ठेवा आणि तळ ताणल्यावर जागेवर सरकवा. डावा तयार झाला की उजवा आरशाने घ्या, पुन्हा ट्रेस करू नका.

ॲक्रिलिकला एकच धार असलेला बिट, पासला १ मिमी, फीड (कापायचा वेग, मिनिटाला मिमी) ५०० च्या खाली नको. सावकाश चालवलं तर बिट चिरत नाही, घासतो. ॲक्रिलिक वितळून बिटालाच चिकटतं आणि मग मोडतो तो बिट. आधी आतल्या फटी आणि भोकं कापा, बाहेरची कड शेवटी. बाहेरच्या कडेला ५ मिमी रुंद, १ मिमी उंच अशा चार टॅब (न कापलेल्या जागा) ठेवा, नाहीतर शेवटच्या पासला तुकडा सुटून बिटात अडकतो.

साजातल्या मासा आणि कासवाच्या पानांचे मेणाचे मास्टर मशीनवर निघतील का? चित्र काळंपांढरं आहे. — गुजरी

निघतील, पण त्या चित्रावरून नाही. कृष्णधवल चित्राचा रिलीफ (उठावाचं काम) करताना पांढरं म्हणजे उंच आणि काळं म्हणजे खोल असा सरळ अर्थ लावला जातो. माशाचा डोळा काळा काढला की तिथे खड्डा पडतो आणि अंगावर पडलेली चमक टेकडी होते. चित्र उंचीच्या भाषेत पुन्हा रंगवावं लागतं, किंवा पान थ्रीडीत घडवावं लागतं. हाताने ठोकणारा कारागीर हे जास्त चटकन ओळखतो. त्याला उंचसखल डोळ्यांसमोर असतं.

२० बाय २० मिमीचं पान ०.२५ मिमी त्रिज्येच्या गोल टोकाच्या बिटने, ०.०५ मिमी अंतराने घेतलं तर ४०० फेऱ्या होतात, एकूण ८ मीटर प्रवास. ४०० च्या फीडने वीस मिनिटं. प्रत्यक्षात वळणांवर वेग कमी होतो, म्हणून अर्धा तास धरा. फेऱ्यांमधले कंगोरे एक मायक्रॉनच्या आसपास राहतात, ते बोटाला लागत नाहीत. १ मिमी व्यासाचा बिट आणि ०.१ अंतर घेतलं तर वेळ निम्मा, पण मग खवल्यांच्या बारीक खाचा भरून गेल्यासारख्या दिसतील. कोरीवकामाचं कडक मेण वापरा, मऊ मेण बिटाला लपेटतं. ओतकामात धातू आकसतो, तेवढी वाढ किती धरायची ते ओतणाऱ्याकडूनच विचारून घ्या.

थोडक्यात

*मित्राने पाठवलेली एसव्हीजी तीन चतुर्थांश आकाराची उघडते (इचलकरंजी).* इलस्ट्रेटर इंचाला ७२ एकक धरतं, इंकस्केप ९६. तुमचं ते ७५ टक्के तिथूनच आलं. १३३.३३ टक्क्यांनी मोठं करा. जुन्या, ०.९२ च्या आधीच्या इंकस्केपमध्ये ९० धरत, त्या फाइलींना १०६.६७ टक्के. डीएक्सएफ २५.४ पट मोठी किंवा लहान आली तर इंच-मिमीचा घोळ. चित्रात नेहमी १०० मिमीची एक रेघ वेगळ्या लेयरवर ठेवा आणि कॅममध्ये ती मोजा.

*आकार निवडला तरी कॅम 'बंद नाही' म्हणतं (कागल).* कुठेतरी दोन टोकांमध्ये केसाएवढी फट आहे, किंवा एकावर एक दोन रेघा आहेत. ऑटोकॅडमध्ये आधी ओव्हरकिल, मग पीएडिटमधलं जॉइन, फझ (जोडायची कमाल फट) ०.०५. स्प्लाइन (वक्र रेघा) वाचता येत नसतील तर आर१२ डीएक्सएफ म्हणून सेव्ह करा. त्या जुन्या स्वरूपात स्प्लाइन नाहीतच, त्यांच्या पॉलिलाइन होतात.

*वळणांवर मशीन अडखळतं, सरळ रेषेत छान चालतं (गडहिंग्लज).* वळण फार बारीक तुकड्यांत मोडलंय. १००० च्या फीडने ०.०२ मिमीचे तुकडे म्हणजे सेकंदाला ८३३ ओळी. ओळीला वीस अक्षरं धरली तर सेकंदाला साडेसोळा हजार अक्षरं. ११५२०० बॉडच्या केबलमधून सेकंदाला साडेअकरा हजारच जातात. मशीन पुढच्या ओळीची वाट बघत थांबतं. कॅममध्ये टॉलरन्स (मूळ वळणापासून चालणारा फरक) ०.०१ करा आणि कमानी जी२-जी३ मध्ये काढायचा पर्याय चालू करा.

*फ्यूजन ३६० च्या मोफत परवान्यात हवेतल्या हालचालीही सावकाश होतात (जयसिंगपूर).* बिघाड नाही. ऑक्टोबर २०२० पासून वैयक्तिक परवान्यात जी० च्या (जलद हालचालीच्या) जागी कापायचाच वेग लिहून येतो. नुसतं सपाट काम असेल तर फ्रीकॅड किंवा एस्टलकॅम बघा. मजकूर संपादकात जी१ शोधून जी० करायचा मोह होईल, तो टाळा. बिट जॉबच्या आत असतानाची एखादी ओळ सुटली तर त्या एका ओळीत बिट जातो.